४०० मीटर : एका फेरीचा हिशेब

चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धांचा २८ ऑक्टोबर २०२३ हा शेवटचा दिवस होता. पुरुषांच्या ४०० मीटर शर्यतीत टी-४७ या गटात नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याच्या दिलीप महादू गावित याने ४९.४८ सेकंदांत एक फेरी पुरी करून सुवर्णपदक मिळवले. भारताचे त्या स्पर्धांमधील ते शंभरावे पदक, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत शंभराच्या आकड्याचेच कौतुक जास्त झाले. गटाच्या नावातील 'टी' हे अक्षर धावपट्टीवरच्या प्रकारांसाठी आहे आणि ४७ हा आकडा एका हाताच्या व्यंगाचा गट दाखवतो. लहानपणी झाडावरून पडल्यामुळे दिलीपला एक हात गमवावा लागला होता. नाशिकला प्रशिक्षक वैजनाथ काळे यांच्याकडे तो तयार झाला.

या लेखात आपल्याला पदकांची मोजदाद करायची नाही. ४९.४८ सेकंदांत धावणाऱ्याच्या शरीरात आणि त्याच्या पायांखालच्या धावपट्टीवर काय घडते ते पाहायचे आहे. ही शर्यत प्रत्येक शाळेत होते, त्यासाठी फक्कीशिवाय कोणतेही साहित्य लागत नाही, आणि जीवशास्त्र, भौतिकशास्त्र व भूमिती हे तिन्ही विषय तीत एकत्र भेटतात. वर्गात शिकवताना मात्र आपण ते तीन वेगळ्या तासिकांना शिकवतो.

प्रथम ऊर्जेचा प्रश्न घेऊ. स्नायूचे आकुंचन ज्या पदार्थावर चालते त्याचे नाव ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, थोडक्यात एटीपी. स्नायूतील त्याचा साठा इतका अल्प असतो की पूर्ण जोराने धावल्यास तो दोन-तीन सेकंदांतच संपावा. प्रत्यक्षात तो संपत नाही, कारण तीन निरनिराळ्या मार्गांनी तो सतत भरून निघत असतो. पहिला मार्ग क्रिएटिन फॉस्फेटचा. हा पदार्थ मोडून तत्काळ एटीपी तयार होते, पण पूर्ण जोरात हा साठा दहा सेकंदांच्या आसपास बहुतेक खर्ची पडतो. दुसरा मार्ग ग्लायकोलिसिसचा. यात स्नायूंतील ग्लायकोजेन प्राणवायूशिवाय अर्धवट मोडले जाते. काम झपाट्याने होते, पण मिळकत थोडी असते. तिसरा मार्ग प्राणवायूचा. यात ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे तीस एटीपी मिळतात. हा मार्ग किफायतशीर खरा, पण श्वास, हृदय आणि रक्ताभिसरण यांनी वेग घेईपर्यंत तो पुरेसा चालू होत नाही.

शिक्षकांना हे सांगायला एक उपमा सोयीची आहे. एटीपी ही खिशातली चिल्लर, क्रिएटिन फॉस्फेट ही कपाटातल्या डब्यात जपून ठेवलेली नोट, ग्लायकोलिसिस हे पतपेढीचे तातडीचे कर्ज आणि प्राणवायूचा मार्ग म्हणजे पगार. पगार खात्रीचा असतो, पण त्याची वाट पाहावी लागते. शंभर मीटरची शर्यत चिल्लर, नोट आणि थोड्या कर्जावर निभते. पाच हजार मीटरची शर्यत जवळजवळ सगळी पगारावर चालते. चारशे मीटरमध्ये मात्र चारही ठिकाणी हात घालावा लागतो, आणि शर्यत संपता संपता कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात.

पगाराचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. चारशे मीटर म्हणजे जवळजवळ पूर्णपणे प्राणवायूविना धाव, असे जुन्या पुस्तकांतून सांगितले जाई. २००१ साली स्पेन्सर व गॅस्टिन या संशोधकांनी सरावलेल्या धावपटूंवर केलेल्या मोजमापांत ४०० मीटरसाठी प्राणवायूच्या मार्गाचा वाटा सुमारे ४३ टक्के आढळला. २०० मीटरसाठी तो २९ टक्के आणि ८०० मीटरसाठी ६६ टक्के होता. म्हणजे एका फेरीच्या धावपटूला नुसत्या तुफान दौडींचा सराव देऊन भागत नाही, त्याचा दमही वाढवावा लागतो.

आता लॅक्टिक आम्लाची गोष्ट. 'स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते म्हणून पाय भरून येतात आणि दुसऱ्या दिवशी दुखतात' हे वाक्य आपण सर्वांनी परीक्षेत लिहिले आहे आणि पुढच्या पिढीकडून लिहवूनही घेतले आहे. आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहॉफ यांना स्नायूंवरील ज्या कामासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या काळापासून ही समजूत चालत आलेली आहे. आजची समज वेगळी आहे. शरीरातील पीएचला हे आम्ल आम्लरूपात जवळपास राहतच नाही, तर लॅक्टेट आणि हायड्रोजन आयन असे विभक्त असते. लॅक्टेट हा कचरा नाही. हृदय, कमी ताणाखालचे इतर स्नायू आणि यकृत ते उचलतात व इंधन म्हणून किंवा पुन्हा ग्लुकोज बनवण्यासाठी वापरतात. विश्रांतीच्या स्थितीत लिटरभर रक्तात सुमारे १ मिलिमोल असणारे लॅक्टेट चांगल्या धावपटूत ४०० मीटरनंतर २० च्या वर जाते, आणि तासा-दीड तासात ते जवळजवळ मूळ पातळीवर येते. जो पदार्थ संध्याकाळपर्यंतही टिकत नाही तो दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याला कारण कसा होईल? ते दुखणे सवय नसलेल्या ताणामुळे स्नायूतंतूंना होणाऱ्या सूक्ष्म इजेचे असते.

मग शेवटच्या शंभर मीटरमध्ये पाय शिशासारखे जड का होतात? स्नायूतील पीएच ७ च्या आसपासून साडेसहाच्या जवळ घसरतो, हा भाग आहेच. पण क्रिएटिन फॉस्फेट मोडताना सुटे होणारे फॉस्फेट हे त्याहून महत्त्वाचे कारण असावे असे आज अनेक संशोधक मानतात. ते स्नायूतंतूंच्या पकडीतच अडथळा आणते आणि कॅल्शियमच्या हालचालीतही. या दोहोंचे नेमके प्रमाण किती, यावर अजून वाद चालू आहेत. पाठ्यपुस्तकात वादाला जागा नसते, वर्गात मात्र ती असायला हरकत नाही.

यातून मैदानावरच्या दोन गोष्टी लगेच ठरतात. शर्यतीआधी मुलांना पाण्यात ग्लुकोज पावडर घालून पाजायची प्रथा आहे. पन्नास-साठ किंवा शाळकरी मुलाच्या बाबतीत सत्तर सेकंदांच्या धावेत ग्लायकोजेन संपण्याचा प्रश्नच येत नाही, तेव्हा त्या पावडरीने वेळ सुधारत नाही. आदल्या रात्री पोटभर जेवलेल्या आणि सकाळी खानदेशातले एक केळे खाल्लेल्या मुलाला तिची गरज नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शर्यत संपताच मुलाला एकदम थांबवून उभे करू नये. धावताना पायांचे स्नायू दाबाने रक्त हृदयाकडे परत ढकलत असतात. ते अचानक थांबले की रक्त पायांत साठते, मेंदूकडे कमी पोचते आणि मूल भोवळ येऊन पडते. पाच-दहा मिनिटे चालते ठेवावे. लॅक्टेटही त्यामुळे लवकर वापरले जाते. आणि मार्चनंतर खानदेशात ही शर्यत सकाळी आठच्या आत उरकावी, हे सांगायला शरीरशास्त्राची गरज पडू नये.

ऊर्जेचा हा हिशेब वेगाच्या आलेखात स्वच्छ दिसतो. १४ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वेड व्हॅन नीकर्कने ४३.०३ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. तत्पूर्वीचा मायकेल जॉन्सनचा ४३.१८ हा विक्रम १९९९ पासून टिकला होता. व्हॅन नीकर्कच्या शंभर-शंभर मीटरच्या वेळा सुमारे १०.७, ९.८, १०.५ आणि १२.० सेकंद अशा होत्या. पहिल्या शंभरात थांबलेल्या स्थितीतून वेग घेण्यात वेळ जातो. दुसऱ्या शंभरात त्याचा वेग सेकंदाला १०.२ मीटर होता, तर शेवटच्या शंभरात ८.३. म्हणजे जागतिक विक्रम करणारा माणूस अंतिम रेषेकडे येताना चक्क मंदावत होता! दूरचित्रवाणीवर पाहताना 'शेवटी काय वेग वाढवला' असे आपण म्हणतो, तो डोळ्यांचा भ्रम आहे. त्याचा वेग इतरांपेक्षा कमी घटलेला असतो, इतकेच.

मग सगळी फेरी एकाच वेगाने का धावू नये? जोसेफ केलर या अमेरिकन गणितज्ञाने १९७३ साली हा प्रश्न समीकरणांनी सोडवायचा प्रयत्न केला. त्याच्या हिशेबाप्रमाणे सुमारे २९१ मीटरपर्यंतची शर्यत पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण ताकदीने धावावी, त्यापुढील अंतरांत मात्र राखून धावावे. चारशे मीटर या सीमारेषेच्या थोडेच पलीकडे आहे, आणि त्याची सारी अडचण तिथेच आहे. केलरचे गणित थकव्याच्या बाबतीत फारच साधे होते, प्रत्यक्षातले धावपटू त्याच्या उत्तरापेक्षा सुरुवातीला अधिक वेगात जातात. सुरुवात जोरात झाली की प्राणवायूचा मार्गही लवकर उघडतो, हा त्याचा एक फायदा. पण याला मर्यादा आहे. व्हॅन नीकर्कची २०० मीटरची तोवरची सर्वोत्तम वेळ १९.९४ होती, आणि रिओत त्याने पहिले २०० मीटर सुमारे २०.५ सेकंदांत कापले. म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडे अधिक राखून. आपल्याकडची मुले पहिल्या दोनशेत काहीच राखत नाहीत. सरावलेल्या मुलाने आपल्या सर्वोत्तम २०० मीटरच्या वेळेपेक्षा सेकंद-दीड सेकंद जास्त घ्यावा, हा अंदाज सुरुवातीला पुरे.

रोम येथील १९६० च्या ऑलिंपिकमधील मिल्खा सिंग यांची शर्यत आपल्या घरोघरी माहीत आहे. ते चौथे आले. हाताने मोजलेली त्यांची वेळ ४५.६ सेकंद होती आणि विद्युत्-यंत्रणेने नोंदलेली ४५.७३. दोन्ही आकडे बरोबर आहेत. बंदुकीचा धूर दिसल्यावर घड्याळ दाबणाऱ्या माणसाची प्रतिक्रिया थोडी उशिरा होते, म्हणून हातघड्याळ वेळ कमी दाखवते. शाळेतल्या वेळांची तुलना मोठ्या स्पर्धांतील वेळांशी करताना हे ध्यानात असावे.

दिलीपच्या शर्यतीत या सगळ्याला आणखी एका गोष्टीची जोड आहे, ती म्हणजे हाताची. धावण्यात हातांचे काम काय? हात पुढे ढकलतात असे पुष्कळांना वाटते, पण हातांना ढकलायला जमीनच नसते. उजवा पाय पुढे आणि डावा मागे जातो तेव्हा शरीराचा खालचा भाग उभ्या अक्षाभोवती एका दिशेने फिरू पाहतो. वरचा भाग उलट दिशेने फिरला तरच एकूण कोनीय संवेग शून्याजवळ राहतो आणि धड सरळ राहते. हे काम हात करतात. वर्गात दाखवायचे असेल तर गोल फिरणाऱ्या खुर्चीवर मुलाला बसवावे, पाय जमिनीपासून उचलायला लावावे आणि धावल्यासारखे हलवायला सांगावे. हात मांडीवर ठेवले की खुर्ची डावी-उजवीकडे झुलते. हात उलट लयीत हलवले की झुलणे कमी होते.

कोपराखालचा हात आणि पंजा मिळून शरीराच्या वजनाच्या दोन-सव्वादोन टक्केच भरतात. साठ किलोच्या माणसात हे सुमारे १.३ किलो झाले. पण हे वस्तुमान अक्षापासून दूर असते, म्हणून त्याचा परिणाम वजनाच्या मानाने मोठा होतो. ते नसले की भरपाई खांद्यांनी, धडाच्या पिळाने आणि दुसऱ्या हाताच्या झोक्याने करावी लागते. २०१४ साली अमेरिकेतील अरेलानो आणि क्रॅम यांनी हळू धावणाऱ्यांवर मोजमाप केले. हात पाठीमागे धरले तर ऊर्जेचा खर्च सुमारे ३ टक्के, छातीवर बांधले तर ९ टक्के आणि डोक्यावर ठेवले तर १३ टक्के वाढला. पूर्ण वेगाच्या छोट्या धावेवर मात्र हात बांधण्याचा परिणाम दीड टक्क्याच्या आसपासच आढळला आहे. शरीर भरपाई करण्यात किती हुशार आहे, हे यावरून कळते. पण ती भरपाई फुकट नसते, आणि एका फेरीत तिचे बिल शेवटच्या शंभर मीटरमध्ये येते.

सुरुवातीलाही एक अडचण असते. वाकून सुरुवात करताना शरीराचा भार दोन हात आणि दोन पायांवर विभागलेला असतो. एक हात आखूड असला तर खांदे तिरके होतात. म्हणून या गटातील खेळाडूंना हाताखाली आधाराची उशी ठेवण्याची परवानगी आहे. पॅरिस येथील २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये दिलीप अंतिम फेरीत पोचला आणि ४९.९९ सेकंदांत आठवा आला. मोरोक्कोच्या ऐमन एल हद्दावीने ४६.६५ सेकंदांचा जागतिक विक्रम करून ती शर्यत जिंकली. या दोन वेळांत ३.३४ सेकंदांचे अंतर आहे. सरासरी वेगाने मोजले तर सुमारे २७ मीटर. जगातल्या पहिल्या आठांत येणे आणि पदक मिळवणे यांत एवढी जागा असते.

उरला धावपट्टीचा विषय. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण शिक्षकांच्या हातात सर्वांत जास्त तोच आहे.

प्रमाणित धावपट्टीत दोन सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या आणि दोन अर्धवर्तुळे ३६.५० मीटर त्रिज्येची असतात. पहिल्या लेनची लांबी आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतरावर मोजतात, म्हणून तिची त्रिज्या ३६.८० धरायची. दोन सरळ बाजू आणि एक पूर्ण वर्तुळ यांची बेरीज विद्यार्थ्यांनी करून पाहावी. ती ४०० येते. दुसऱ्या लेनपासून मोजणी आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवर होते आणि लेनची रुंदी १.२२ मीटर असते. दुसऱ्या लेनच्या धावपटूला एका फेरीत ७.०४ मीटर जास्त पडतात, आणि पुढच्या प्रत्येक लेनला आणखी ७.६७ मीटर. म्हणून त्यांना तितके पुढे उभे करतात. यालाच क्रीडाशिक्षक स्टॅगर म्हणतात. आठव्या लेनचा धावपटू पहिल्याच्या ५३ मीटर पुढे उभा असतो. बघणाऱ्याला तो अन्याय वाटतो, पण तोच न्याय आहे.

गंमत अशी की या हिशेबात मैदानाची त्रिज्या कुठेच येत नाही. त्रिज्येतला फरक गुणिले दोन पाय, एवढेच उत्तर. म्हणजे एका पूर्ण फेरीचा स्टॅगर मोठ्या मैदानावर जेवढा तेवढाच छोट्या मैदानावरही असतो. आणि नेमकी इथेच चूक होते.

जळगावजवळचे असोदा घ्या. असोदा म्हटले की लोकांना बहिणाबाई आठवतात, नाहीतर भरीत. मला तिथे क्रीडाशिक्षकांबरोबर मैदान आखताना घालवलेल्या दोन सकाळी आठवतात. अशा गावात चारशे मीटरच्या धावपट्टीला जागा नसते, दोनशे मीटरची मात्र बसते. सरळ बाजू ४० मीटरच्या घेतल्या आणि वळणाची आतली रेषा १८.९० मीटर त्रिज्येने आखली, तर चार लेनसाठी सुमारे ८८ बाय ४८ मीटर जागा पुरते. मध्ये खुंटी, खुंटीला न ताणणारी दोरी, आणि दोरीच्या टोकाला फक्कीचा डबा. सुतळी वापरू नये, ती ओली झाली की लांबी बदलते. नुसत्या फक्कीच्या रेषेला उंच कड नसल्यामुळे पहिली लेनही २० सेंटिमीटरवर मोजायची. मग १.२२ मीटर रुंदीच्या लेनसाठी प्रत्येक लेनला एका फेरीमागे सरळ ७.६७ मीटर स्टॅगर येतो.

या मैदानावर २०० मीटरची शर्यत म्हणजे एक पूर्ण फेरी, दोन वळणे. पुस्तकातील तक्ता मात्र ४०० मीटरच्या धावपट्टीवरील २०० मीटरसाठी, म्हणजे एकाच वळणासाठी असतो. तो तसाच उतरवला तर स्टॅगर निम्मा पडतो. चौथ्या लेनच्या मुलाला २३ मीटर मिळायला हवेत, तिथे ११.५ मिळतात. सेकंदाला ७ मीटर धावणाऱ्या मुलाचे यात १.६ सेकंद जातात. त्या वेगाला तो पहिल्या क्रमांकावरून शेवटच्या क्रमांकावर जाऊ शकतो, आणि घरी जाऊन सांगतो की आपल्याला पळता येत नाही. ४०० मीटरची शर्यत या मैदानावर लेनमध्येच घ्यायची असेल तर दोन फेऱ्या, चार वळणे, म्हणून चौथ्या लेनला ४६ मीटर द्यावे लागतात. नियम एका ओळीत मावतो: लेनच्या रुंदीला एकूण वळलेल्या कोनाने, रेडियनमध्ये मोजून, गुणावे आणि पहिली लेन सोडून आपण कितव्या लेनमध्ये आहोत त्या संख्येने पुन्हा गुणावे.

स्टॅगर बरोबर असला तरी छोटे मैदान मोठ्याच्या बरोबरीचे होत नाही. वळणावर धावणाऱ्याला अभिकेंद्री बल लागते. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे त्याचे त्वरण. हांगझोऊमध्ये दिलीपचा सरासरी वेग सेकंदाला ८.०८ मीटर होता. पहिल्या लेनच्या वळणावर त्या वेगाला सुमारे १.८ त्वरण लागते आणि शरीर आत सुमारे १० अंश झुकावे लागते. आठव्या लेनमध्ये साडेआठ अंश पुरतात. व्हॅन नीकर्क रिओत आठव्या लेनमध्येच होता, त्याला वळण सौम्य मिळाले, पण एकही प्रतिस्पर्धी नजरेसमोर नव्हता. असोद्याच्या दोनशे मीटरच्या मैदानावर ७ मीटर वेगाच्या मुलाला २.६ त्वरण आणि जवळजवळ १५ अंश झुकाव लागतो. म्हणजे वेग कमी आणि वळण जास्त कठीण. हे बल जमिनीच्या घर्षणातूनच मिळते. भेगाळलेल्या काळ्या मातीवर भुसभुशीत थर असला की अनवाणी पाय तिथे सटकतो, आणि मूल आपोआप वेग कमी करते. अशी वळणे चारशे मीटरमध्ये त्याला चार घ्यावी लागतात. वळणाच्या पट्ट्यावर आदल्या संध्याकाळी पाणी मारून रूळ फिरवला तर बराच फरक पडतो. आणखी एक प्रश्न विद्यार्थ्यांसाठी सोडतो. शर्यतीत वळणे नेहमी डावीकडे असतात. मग डावा हात नसलेल्या आणि उजवा हात नसलेल्या धावपटूला वळण सारखेच जड जाईल का?

तेव्हा दोनशे मीटरच्या मैदानावरची ४०० मीटरची वेळ जिल्हा स्पर्धेतल्या वेळेशी जशीच्या तशी ताडून पाहू नये आणि तेवढ्यावरून एखाद्या मुलाला संघातून वगळू नये. त्याऐवजी त्याच्या स्वतःच्याच वेळा पाहाव्यात. चार शिक्षकांनी किंवा मोठ्या मुलांनी दर १०० मीटरच्या खुणेवर एकेक घड्याळ घेऊन उभे राहावे, सर्वांनी शिटीबरोबर नव्हे तर सुरुवात करणाऱ्याचा हात खाली येताना पाहून घड्याळ सुरू करावे. मिळालेल्या चार वेळांतून आधीची वेळ वजा करत चार तुकडे काढावेत. तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्यात तीन सेकंदांहून अधिक फरक असेल तर मुलाने पहिले दोनशे फार जोरात काढले आहेत. फरक सेकंदाहून कमी असेल तर त्याच्या खिशात अजून पैसे शिल्लक होते. पंधरा दिवसांनी त्याच मैदानावर, त्याच लेनमध्ये आणि त्याच वेळेला हे मोजमाप पुन्हा करावे.